न चाखलेलं दूध

माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याच भावकीतला निघेल. देवाने माणसाला दोन डोळे दिले ते एकाने जग बघायला आणि दुसऱ्याने पहिल्या डोळ्यावर लक्ष ठेवायला, अशी त्यांची समजूत असावी. नांदूरघाटाकडून आमच्या गावाला येताना मधल्या माळावर त्यांची वस्ती लागते. पत्र्याचं घर, एक कडुनिंब, सात म्हशींचा गोठा आणि गोठ्यामागे घासाचं हिरवं रान. वस्तीवर जाणारी वाट पूर्वी सरळ होती, तिला व्याह्यांनी स्वतः खपून एक वळसा दिला. सरळ वाटेने माणूस फार लवकर दारात येतो, त्याच्या मनात काय आहे ते बघायला वेळ मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी, आणि माझी लेक मंगल त्यांच्या घरात दिलेली. म्हणजे ज्या माणसावर त्यांचा रोज सकाळी सहा वाजल्यापासून संशय, त्याच माणसाला त्यांना भर मांडवात मिठी मारावी लागली. ती व्याहीभेट मला अजून आठवते. त्यांचा हात माझ्या पाठीवरून असा काही फिरला की आलिंगन चाललंय की झडती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एसटीत बसायचं तर ते आधी पाटी वाचतात, मग ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला, आणि तिघांचं जुळलं तरी आत शिरल्यावर एखाद्या म्हातारीच्या शेजारी बसून तिला हळूच विचारतात, "आज्जी, ही कुटं चाललीय?" म्हातारी केज म्हणाली तर त्यांचा जीव खाली पडतो. पाटी कुणीही बदलू शकतं, म्हातारी कशाला खोटं बोलेल? विहिरीचं पाणी आटलं त्या वर्षी त्यांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणी दाखवणारे तीन पाणाडे बोलावले, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता. पहिल्याने नारळ उभा करून जागा दाखवली, दुसऱ्याने लिंबाच्या फाटीने, तिसऱ्याने अनवाणी चालून. आश्चर्य म्हणजे तिघांनीही एकच जागा दाखवली. दुसऱ्या कुणी तिथे आनंदाने नारळ फोडला असता. व्याह्यांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "तिघं मिळालेले हायत." मग त्यांनी चौथ्याच जागी बोअर मारला, आणि तिथून नुसता फुफाटा निघाला. त्या फुफाट्याकडे बघत ते बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "बोअरवाला बी त्यांच्यातलाच."

दुष्काळात चारा छावणी उघडली तेव्हा तर त्यांनी बाज तिथेच नेऊन टाकली आणि दीड महिना म्हशींच्या पायाशी काढला. छावणीत जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारत. लोकांना वाटायचं, बरं झालं, आता जनावर बदलण्याची भीती नाही. व्याह्यांना वाटलं, आता बदलण्याची सोय झाली, बिल्ला इकडचा तिकडे केला की काम झालं. म्हणून त्यांनी सातही म्हशींचे आकडे पाठ केले आणि येता जाता ते पुटपुटत राहिले. नवखा माणूस ऐकून त्यांना जप चालू आहे समजायचा. कुणीतरी थट्टेने विचारलं, "मामा, घरची जनावरं तुमाला वळखू येत न्हाईत का?" त्यावर त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "मला येत्यात. पन त्या वळख दाखवत न्हाईत."

माझ्या लेकीला बघायला आले त्याची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी एक म्हशींचा व्यापारी गावात येऊन आमच्या गल्लीत फिरून गेला होता. सेक्रेटरीचं घर कसं, बाई तोंडाने कशी, पोरगी शेणाला हात लावते का, असं इकडचं तिकडचं विचारत होता. म्हैस मात्र त्याने एकही बघितली नाही. पुढल्या आठवड्यात तोच माणूस फेटा बांधून माझ्या ओसरीवर पोहे खायला बसला, तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं खिडकीला आली. संस्था गावाबाहेर, त्यामुळे गल्लीतल्या बायकापोरांनी व्याह्यांना तोवर कधी बघितलेलं नव्हतं. पोरीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला मात्र विचारलं, संस्थेचा लॅक्टोमीटर किती वर्षांचा आहे, आणि बदलता का कधी. जाताना निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. बाप सेक्रेटरी हाय, पन तेवढं आमी चालवून घिऊ."

रोज सकाळी दूध घालायला ते स्वतः येत. मुलगा, म्हणजे आमचे जावई, घरात धडधाकट असताना कॅन मात्र यांच्याच सायकलला. फॅटच्या मशीनवर आकडा उमटायच्या आधी त्यांचं नाक मशीनला टेकलेलं असे. आकडा कालच्यापेक्षा कमी आला तर मी चोर, जास्त आला तर काल चोर होतो हे सिद्ध. मी म्हणायचो, "इवाई, म्हशीनं काल सरकी कमी खाल्ली असंल." ते म्हणायचे, "तिनं खाल्ली न्हाई, कुनीतरी खाल्ली." एवढं होऊनही तीस वर्षांत त्यांनी एक दिवस दुसऱ्या डेअरीला दूध घातलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "तुमची लबाडी मला पाठ हाय. दुसऱ्याची नव्यानं शिकावी लागंल." मला या वाक्याचा राग यायला हवा होता, पण उलट थोडा अभिमानच वाटे.

मग तो आजार आला आणि सगळं बंद झालं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या पहिल्या पंधरवड्यात सबंध पंचक्रोशीत सुखी माणूस एकच होता, आमचे व्याही. माणसं एकमेकांपासून दोन हात लांब उभी राहायला लागली, तोंडाला दस्ती बांधायला लागली, पाहुणा आला तर दार उघडण्याआधी कुठून आलात म्हणून विचारायला लागली. व्याही तीस-चाळीस वर्षं एकटेच जगत होते तसं आता सगळं जग जगायला लागलं होतं. "आता कळालं का समद्यांला?" ते दस्तीच्या आडून विचारायचे. संस्थेसमोर मी चुन्याचे चौकोन आखले होते, दूध घालायला येणाऱ्याने आपला कॅन घेऊन एकेका चौकोनात उभं राहायचं. व्याह्यांनी घरून चुना आणून आपला चौकोन वेगळा, चार हात मागे आखला. त्याच दिवसांत त्यांनी एकदा मला फोन लावला आणि मी हॅलो म्हणायच्या आत ठेवून दिला. दोन दिवसांत वस्त्यावस्त्यांवर बातमी, सेक्रेटरी लई खोकतोय. झालं होतं असं की तेव्हा कुणालाही फोन लावला की आधी एक अनोळखी माणूस खोकायचा आणि मग काळजी घ्या म्हणून सांगायचा. ते खोकणं यांनी माझं धरलं. पुढे भावाला लावला, तोही खोकला. बहिणीला लावला, तीही खोकली. शेवटी शंका येऊन त्यांनी समोर बाजेवर पडलेल्या मुलाच्या फोनला फोन लावला, आणि तोही खोकला तेव्हा जाहीर केलं, "आजार कंपनीतच शिरलाय."

पण हसण्याचे दिवस लवकर सरले. लग्नं थांबली, पेढ्याची दुकानं आणि चहाची हॉटेलं बंद झाली, नांदूरघाटाकडच्या खव्याच्या भट्ट्या विझल्या, आणि दुधाला गिऱ्हाईकच राहिलं नाही. शीतकरण केंद्रावरून निरोप आला की उद्यापासून एकच वेळ दूध घेऊ, संध्याकाळचं घेणार नाही. संध्याकाळचं दूध लोक वासरांना पाजायला लागले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला लागले, आणि मग वाटूनही उरायला लागलं. लिंबागणेशाकडे माझ्या एका मावसभावाचा झेंडू होता. देऊळ बंद, त्यामुळे फुलं कुणी घेईना, त्याने उभ्या फुलांत शेळ्या सोडल्या. आमच्या गावात दोघांनी कलिंगडं तशीच वेलावर कुजू दिली. माजलगावकडचे पाहुणे फोनवर सांगायचे, आम्ही बुवा ऊसच लावणार, कारखाना काही बंद होत नाही. आमच्या माळावर ऊस कुठला? पण जो तो रानाकडे नव्याने बघायला लागला होता. काय पेरायचं याऐवजी, पेरलेलं न विकता किती दिवस टिकेल, हा प्रश्न झाला होता. व्याह्यांनी तो सगळ्यांच्या आधी सोडवला. माझ्या तोंडावर म्हणाले, "दूध रोज इकावं लागतंय, म्हंजी रोज दुसऱ्याच्या हातात जावं लागतंय. सोयाबीन घरात ठिवता येतंय. जे ठिवता येतंय तेवढंच आपलं." घास मोडून तिथे सोयाबीन करायचं त्यांच्या मनात घोळत होतं. घास गेला की म्हशी जाणार हे मला कळत होतं, पण मी गप्प बसलो, कारण त्यांना नको म्हटलं की ते नक्की करतात.

अशात आमचं फॅटचं मशीन बंद पडलं. दुरुस्त करणारा बीडला, आणि त्याला इकडे यायला पास मिळेना. वरून दुधाची गाडी कधी आठला यायची, कधी अकराला, आणि उन्हात एखाद्याचं दूध जरी उतरलेलं असलं तरी सगळं नासायचं. केंद्रावरून सांगितलं, लॅक्टोमीटरने डिग्री लावून बघा आणि प्रत्येकाचं थोडं चाखूनच कॅनमध्ये घ्या. आता त्या दिवसांत दुसऱ्याच्या घरचं दूध चाखायला कोण तयार होणार? ते काम माझ्याच जिभेवर आलं. मी दस्ती हनुवटीवर ओढायचो, प्रत्येकाच्या दुधाचे दोन थेंब तळहातावर घेऊन चाखायचो आणि पुन्हा दस्ती वर करायचो. व्याह्यांचं दूध आलं की मात्र कॅनवर वाकून नुसता वास घ्यायचो आणि ओतून टाकायचो.

यामागचं कारण सांगायला हवं. आमच्या घरात लेकीच्या सासरचं अन्नपाणी घेत नाहीत, तिला मूल होईपर्यंत. हल्ली हे फारसं कुणी पाळत नाही, पण माझ्या आईने पाळलं, बायको पाळते, म्हणून मीही पाळत आलो. मंगलच्या लग्नाला सहा वर्षं होत आली होती आणि मूल नव्हतं. त्यामुळे सहा वर्षांत त्या घरचा थेंब माझ्या पोटात गेला नव्हता. दूध कॅनमध्ये ओतलं की ते संस्थेचं, हे मला मान्य होतं, पण ओतायच्या आधी ते लेकीच्या घरचं, आणि चाखायचं नेमकं ओतायच्या आधी. हा पेच मी मनातल्या मनात सोडवला आणि वासावर भागवायचं ठरवलं. चारचौघांत हे बोलायचं म्हणजे पोरीला मूल नाही हे चारचौघांत बोलायचं, ते माझ्याच्याने झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी व्याही आपल्या चार हात मागच्या चौकोनातून म्हणाले, "इवाई, समद्यांचं चाखता. मपलं नुसतं हुंगता. कावून?"

माझी तारांबळ उडाली. मी म्हणालो, "तुमचं दूध चांगलंच असतंय, त्यात काय चाखायचं?"

संशयी माणसाला देण्यासारखं याहून वाईट उत्तर नसेल. त्यांचे दस्तीवरचे डोळे बारीक झाले. "तीस वर्सांत तुमी मपल्या दुधाला कदी चांगलं म्हनला न्हाईत. आजच कावून म्हनताय?" मग त्यांनी रांगेतल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, रिकामा कॅन सायकलला अडकवला आणि म्हणाले, "उद्यापून मपली धार तुमच्या दारात येनार न्हाई."

आणि ती आली नाही. वस्तीवरून धूर दिसायला लागला, व्याही दूध आटवून तूप करतायत अशी बातमी आली. तूप ठेवता येतं. इकडे मी रोज कॅन मोजायला लागलो, कारण गाडीवाल्याने आधीच बजावलं होतं की तीन कॅनच्या खाली तुमच्या गावाकडे गाडी वळवणार नाही, डिझेल परवडत नाही. व्याह्यांचं दूध होतं तोवर तीन कॅन कसेबसे भरत. आता अडीच भरायला लागले. गाडीवाल्याने दोन दिवस तोंड वाकडं करून वळवली आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, परवापासून बघा बुवा. आमच्या संस्थेत एकतीस घरं दूध घालत. त्यातली निम्मी ऊसतोडीवरून हाल सोसत परत आलेली, दुसरं काम नाही, बाजार नाही, एका म्हशीच्या सकाळच्या धारेवर मीठमिरची चाललेली. गाडी फिरली नाही तर त्यांनी ते दूध कुठे न्यायचं? आणि गाडी एकदा सुटली की पुन्हा वळत नाही, हे आसपासच्या दोन गावांत आम्ही बघितलं होतं. संस्थेला टाळं लागलं असतं ते आजाराने नाही, सरकारनेही नाही, तर मी दोन थेंब न चाखल्यामुळे लागलं असतं.

त्याच दुपारी मी वस्तीवर गेलो. वळसा घेऊन जाताना ते मला पूर्ण वेळ बघत होते. कडुनिंबाखाली त्यांच्यापुढे ओलं गोणपाट पसरलेलं होतं, त्यात मोजून शंभर सोयाबीनचे दाणे, किती उगवले ते बघायला. रोहिण्या लागल्या होत्या, घास मोडायला ट्रॅक्टर सांगून ठेवला होता, आणि जनावरांचा बाजार उघडला की म्हशी काढायच्या ठरलं होतं. बाजार बंद होता म्हणून तेवढ्या वाचल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर दाण्यांना मोड आले होते. त्यांनी ते पुन्हा मोजले, मधेच मी आल्याने आकडा बदलला का ते बघायला.

"बसा," ते म्हणाले, आणि मधलं अंतर डोळ्यांनी मापलं. मी भिंतीच्या कडेला बसलो आणि गाडीचं सगळं सांगितलं. एकतीस घरं सांगितली, त्यांनी ती ऐकून घेतली.

"मपल्या दुधाबिगर तुमची संस्था बुडती, आन् तेच दूध तुमच्या जिभंवर चालत न्हाई," ते म्हणाले. "हे मला उलगडून सांगा."

"इवाई, तसं काही नाही."

"तसंच हाय. दुधाचं सोडा. सा वर्सं झाली, तुमी ह्या घरात कितीक डाव आलाव. उन्हानं जीभ टाळूला लागलेली असती तुमची, पन पान्याचा घोट घेत न्हाई. मी काय तांब्यात इख कालवतो? बोललो न्हाई कदी. पन मनात ठिवलंय समदं."

सहा वर्षं हा माणूस असं समजत होता की मी त्याच्यावर संशय घेतो! मी म्हणालो, "अहो, लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत."

"ते आता कोन पाळतंय? मपला भाऊ लगीन झाल्यावर दुसऱ्या म्हैन्यात लेकीच्या घरी पुरनपोळ्या हानून आला."

"आमच्या घरी पाळतात. लेकीला मूल होईस्तोवर..." मी बोलून गेलो आणि वाक्य तिथेच सोडलं, कारण मंगल पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी घेणार नाही हे माहीत असूनही ती दर वेळी तांब्या घेऊन यायची.

आता माझंही सांगून टाकतो. संशयी म्हणून मी व्याह्यांना हसतो, पण त्या सहा वर्षांत मी त्यांच्या घराकडे ज्या नजरेने बघत होतो ती काही वेगळी नव्हती. पोर वाळली का, हातात बांगड्या आहेत का, बोलताना सासऱ्याकडे बघून बोलते का, हे मी दर वेळी तपासून यायचो. हे लोक एक दिवस मुलाचं दुसरं लग्न करतील आणि माझ्या लेकीला शेणकुरापुरती ठेवतील, अशी माझी खात्रीच झाली होती. पाणी पिऊन बसलो तर जास्त वेळ बसावं लागेल आणि कधीतरी ते ऐकावं लागेल, हीही एक भीती होती. म्हणून मी दहा मिनिटांत उठायचो.

व्याह्यांनी गोणपाट हळूहळू गुंडाळलं. "हे कारन हाय व्हय," ते स्वतःशी म्हणाले. पुढचं बोलले ते माझ्याकडे न बघता. "मपल्याकडं येऊन लोक लई कायबाय बोलले. भाऊ बोलला, बहीन बोलली. एक बाबा अंगारा घिऊन आलता. पोरीत कमी हाय म्हनले, दुसरी करा म्हनले, चांगलं स्थळबी आनलं व्हतं एकानं. मी एकाचंबी खरं धरलं न्हाई. मला कुनाच्या सांगन्यावर इस्वासच बसत न्हाई, तर काय करू? पोरगी रोज डोळ्यांनी दिसती मला. सात म्हशीचं करती, मपल्यासंगं भांडती बी. कमी काय हाय तिच्यात?"

ज्या स्वभावाला मी तीस वर्षं वैतागलो होतो, तो माझ्या पोरीच्या दारात सहा वर्षं राखण करत बसला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मंगल मला म्हणाली, "दादा, मूल व्हायचं तवा व्हईल. न्हाई तर न्हाई. पन तुमी माझ्या दारातनं तहानलेलं जाताव, ते मला लई जड जातंय." एवढं बोलून ती आत गेली आणि तांब्याच्या जागी पेलाभर दूध घेऊन आली. घरातल्या बाकीच्यांसारखी ती सासऱ्यांना मामा म्हणते. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मामा, बगा आता, चाखत्यात का पित्यात."

मी दस्ती खाली केली आणि पेला एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं ते दूध गरम होतं म्हणून, असं मी तेव्हा सांगितलं.

"कसं हाय?" व्याह्यांनी विचारलं.

"गोड आहे."

"खरं, का मला बरं वाटावं म्हनून?"

"खरं."

त्यांचं समाधान झालं नाही. सुनेकडे वळून म्हणाले, "मंगल, तुजा बाप खोटं बोलताना कसा दिसतो गं?"

"असंच दिसत्यात," मंगल म्हणाली आणि हसली. मग तेही हसले, दस्ती हलली म्हणून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलला कॅन आला. व्याही आपल्या चौकोनात उभे राहिले. मी सगळ्यांच्या देखत त्यांच्या दुधाचे दोन थेंब तळहातावर घेऊन चाखले, आणि ओतून घेतलं. तीन कॅन भरले आणि गाडी वळली. घास मात्र त्यांनी अर्धा मोडलाच. "अर्ध्यात सोयाबीन," मला म्हणाले. "तुमची संस्था आज हाय, उद्याचं कुनी सांगावं?" उरलेल्या अर्ध्या घासावर पाच म्हशी राहिल्या, दोन पुढे बाजार उघडल्यावर गेल्या. त्या दोन गेल्या त्या दिवशी ते दूध घालायला आले नाहीत, मुलाला पाठवलं.

पुढे सगळं उघडलं. पेढ्याची दुकानं सुरू झाली, भट्ट्या पेटल्या, संध्याकाळचं दूधही घ्यायला लागले. पण गावातल्या बऱ्याच जणांनी तोवर जनावरं विकून सोयाबीन धरलं होतं, ते काही परत दुधाकडे आले नाहीत. एकदा घाबरलेला माणूस ठेवता येईल तेच पिकवतो, त्याला मी दोष देत नाही. आमची संस्था अजून आहे, दोन्ही वेळचं मिळून साडेतीन कॅनवर. मंगलला मूल नाही अजून, आणि आता कुणी तो विषय काढत नाही. बायकोला मी दूध प्यायल्याचं सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मलाही घेऊन चला.

आता मी दुपारची झोप सोडून बहुतेक रोज वस्तीवर जातो. लेक चहा करते, आम्ही तिघं कडुनिंबाखाली बसतो, ऊन कललं तरी उठावंसं वाटत नाही. मी इतका कशाला येतो, हे व्याह्यांना अजून कळलेलं नाही. ते मंगलला हळूच विचारतात, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने विचारतात, "तुजा बाप रोज कावून येतोय गं? काईतरी हाय." मी चहा बशीत ओततो. लेक दोन किलोमीटरवर असताना सहा वर्षं मी तिच्या दारात दहा मिनिटांच्या वर बसलो नाही. ते बसणं आता कितीही बसलो तरी भरून निघत नाही, आणि हे त्यांना सांगितलं तर त्यांना ते खरं वाटायचं नाही.